तारेवरचा सातभाई

दुपारी ताटावर बसलं की परसात सातभाईंचा कलकलाट सुरू होतो. हे मातकट पक्षी कायम घोळक्याने हिंडतात आणि कायम भांडल्यासारखे बोलतात. त्यातला कपड्यांच्या तारेवर बसणारा एक तर माझ्या अगदी डोक्यात जातो. बाकीचे जास्वंदीखाली पाचोळा उलथून किडे टिपत असतात आणि हा वरून नुसता ओरडतो. स्वतः खात नाही, दुसऱ्याला सुखाने खाऊ देत नाही. माणसांत असतात तसले किरकिरे स्वभाव पाखरांतही असायचेच, दुसरं काय!

आज मात्र हद्द झाली. त्याला हाकलायला मी उष्ट्या हाताने उठलो. खिडकीशी पोचेपर्यंत तो आपणहून खाली उतरून किडे टिपू लागला होता. हुश्श म्हणतोय तोवर खालचा दुसरा तारेवर जाऊन बसला आणि तस्साच केकाटायला लागला.

"आता याच्या अंगात काय आलं?" मी वैतागून विचारलं.

"राखण करतोय तो," तव्यापाशी उभी असलेली बायको म्हणाली. "मांजर आलं, शिकरा आला, तर सांगायला कुणीतरी नको? रोज बघते मी इथून. बसा तुम्ही, पोळी गार होतेय."

"म्हणजे बाकीचे जेवेपर्यंत एकाने उपाशी राहायचं?"

"छे, पाळी बदलते की."

"आळीपाळीने होय!"

"त्यांच्यात," ती म्हणाली आणि तिने पुढची पोळी लाटायला घेतली.