सूर्याच्या मागं लागलेली चतुर्थी

मुंबई ते लंडन सात हजारांवर किलोमीटर, विमानाला साडेनऊ तास. लेकीनं फोनवर एवढंच सांगितलं, बाकीचा हिशोब मी माझा केला. तिथंच घोटाळा झाला.

आता वर्षाआड विमानात बसते, तरी पहिल्या खेपेची ती बाई, म्हणजे मीच, आठवली की पदर तोंडाला लावून हसते. लेकीचं पहिलं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बाईनं संकष्ट्या धरलेल्या. चंद्र बघितल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आणि जायचा दिवस नेमका चतुर्थीचा आला. तिनं गणित मांडलं, दुपारी बसायचं म्हणजे साडेनऊ तासांनी रात्र होणारच. शिवाय इतक्या उंचावर चंद्र सगळ्यांच्या आधी आपल्यालाच दिसणार. म्हणून खिडकीची जागा हट्टानं मागून घेतली आणि डब्यात तळलेले मोदक भरले.

चंद्राच्या बाबतीत माझा तोरा भारी होता. जालन्यात ढग आले की माझी धाकटी जाऊ घनसावंगीला माहेरी फोन लावायची. तिकडं दिसला म्हणाले की पान वाढून घ्यायची. मी तिला ऐकवायची, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाह्यलेला चंद्र मला चालत न्हाई." आणि ढगांकडं बघत उपाशी बसायची.

विमानात मनगटावर जालन्याची वेळ. घड्याळात रात्र झाली तरी खिडकीत लख्ख ऊन. शेवटी हवाईसुंदरीला विचारलं, सूर्य बुडणार कधी? ती म्हणाली, आपण पश्चिमेला चाललोय आजी, उतरेपर्यंत तरी नाही बुडायचा. म्हणजे मी सूर्याच्या मागं लागलेली आणि चंद्र तिकडं जालन्यात.

लेकीच्या घरी पोचले तेव्हाही समोरच्या कौलांवर ऊन होतं. तिनं मोबाइलवर बघितलं, तिथला चंद्र मध्यरात्री उगवणार होता. भरल्या दिवसांची पोर, वरण-भात करून वाट बघत बसलेली. तू जेवून घे म्हणाले, तर म्हणते, "तू घास घेतल्याबिगर मी घेणार न्हाई." हट्ट कुणाकडून आला, ते काय सांगावं. जिच्यासाठी उपास धरला, तिलाच माझा उपास उपाशी मारून राह्यला होता.

मुकाट्यानं जालन्याला फोन लावला. तिथं रात्रीचा एक वाजलेला. जावेला झोपेतून उठवून गच्चीवर धाडलं. जिन्यात चपला वाजल्या, मग तिची धाप ऐकू आली.

"दिसला, अक्का. पाण्याच्या टाकीवर आलाय. पण माझ्या डोळ्यांनी पाह्यलेला चालन का तुमाला?"

"बिलकुल चालन. माझ्या वतीनं जल्दी हात जोड, पोरगी भुकेली हाय."

"जोडले. आता जेवा. आन् मोदक कसे झाले ते सांगा, मी इथंच उभी हाय."

मी डब्याचं झाकण काढते न काढते तोच लेकीनं पहिला मोदक तोंडात टाकला.

"खुसखुशीत हायेत, काकू," भरल्या तोंडानं तिनंच सांगून टाकलं.