ढवळेसरांचा यंदाचा जोड

फरीदाबादच्या एका सरकारी वर्कशॉपच्या भिंतीवर एकतीस खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर एक जोड टांगलेला आहे. दोन लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने एकत्र केलेल्या, खाली पांढऱ्या रंगात साल. दर ऑगस्टला वेल्डिंग शिकणाऱ्या पोरांची नवी तुकडी आली की पद्माकर ढवळेसर आपल्या हाताने एक जोड करून टांगायचे आणि म्हणायचे, "ऐसा बनना चाहिए." एवढंच त्यांचं भाषण. बोलायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा, आणि हात इतका छान बोलत असताना तोंड कशाला शिणवायचं?

पण दोन वर्षांपासून डोळे दगा देत होते. काळ्या काचेआड वितळलेल्या लोखंडाचा थेंब पूर्वी स्वच्छ दिसायचा, त्याच्या मागे मागे रॉड न्यायचा की झालं. आता तिथे नुसता उजेडाचा चिखल. घरी प्रभाताई रोज म्हणायच्या, "अहो, डोळे दाखवून या." मुलगी क्षिप्रा दिल्लीहून फोनवर म्हणायची, "बाबा, मोतीबिंदूच असेल, बिल्कुल छोटंसं ऑपरेशन असतं यार." सर "बघू" म्हणायचे आणि बघायचे नाहीत. त्यांना भीती ऑपरेशनची नव्हती. डॉक्टरांनी एकदा कागदावर लिहिलं की साहेब त्यांना वर्कशॉपमधून उचलून स्टोअरमध्ये बसवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीला आठ महिने उरलेले. एकतीस वर्षं पोरांच्या हाताला वळण लावलं, आणि शेवटी काय, हातमोजे मोजत बसायचं? ते त्यांना सोसणारं नव्हतं.

म्हणून यंदा ऑगस्टमध्ये त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, जोड करायला घेतला. वरची काळी खपली, म्हणजे स्लॅग, ठोकून काढली तर खालची रेघ वाकडी आणि भोकाभोकांची. दुसरा केला, तोही तसाच. तिसरा तर बघवेना. पाठ भरून आली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पंधरा मिनिटांत पोरं परतणार होती. सरांनी ग्राइंडर उचलला, तो तिसरा जोड घासून घासून आरशासारखा केला आणि यंदाच्या खिळ्यावर टांगला.

हे काय केलं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. वेल्डरने तपासणीआधी जोडावर ग्राइंडर फिरवायचा नाही, कारण आतला दोष त्याने झाकला जातो. फिरवला तर शून्य मार्क, हा ढवळेसरांचा स्वतःचा नियम. तो दर वर्षी पहिल्याच दिवशी सांगायचा. यंदा त्यांची जीभ रेटली नाही आणि नियम सांगायचा राहिला.

नोव्हेंबरात चाचणी आली. पास होतील त्यांना एक कारखाना कामावर घेणार होता, त्यामुळे पोरं जीव तोडून तयारीला लागलेली. पलवलहून रोज बसने येणारा जयेश सगळ्यांत कष्टाळू. त्याने आपला जोड टेबलावर ठेवला आणि सरांना बोटांनीच समजलं. गुळगुळीत होता.

"ग्राइंडर मारा?"

"जी सर." मोठ्या अभिमानाने म्हणाला.

"किसने सिखाया?" सरांचा आवाज चढला.

जयेशने भांबावून भिंतीकडे बोट केलं. "सर, आपका भी तो चमकता है. बाकी पुराने वाले जंग खाए हुए हैं. मैंने सोचा, अच्छा काम ऐसा ही होता होगा."

त्याच्या मागे आणखी सात जण उभे होते, सातांच्याही हातात चकचकीत जोड. सर स्टुलावर बसले. एकदम फार दमल्यासारखं वाटलं त्यांना, घरी जाऊन पडावं आणि कोणी उठवू नये असं. शून्य द्यायचं तर आठ जणांची नोकरी जाते. न द्यावं तर हीच पोरं उद्या कुठेतरी उंचावर असलेच जोड करतील, आणि खाली माणसं उभी असतील.

"वो उतार," ते म्हणाले. "वाइस में लगा. मार हथौड़ा."

जयेशने भिंतीवरचा सरांचा जोड उतरवून शिकंज्यात आवळला आणि हातोडा मारला. चांगला जोड हातोड्याने नुसता वाकतो. हा तिसऱ्या घावाला तुटला. आत काळी खपली भरून राहिलेली, चमक फक्त वरवरची. पोरं बघतच राहिली.

"मुझे दिखता नहीं," सर म्हणाले. "अगस्त में भी नहीं दिखता था. मैंने छुपाया." मग चढलेला आवाज उतरवून, "चलो, सब दोबारा करो. ग्राइंडर को हाथ नहीं."

दुपारभर ते डोळे मिटून टेबलांमधून फिरले. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी ठिणगी, नीट चालला की कढईत भजी तळल्यासारखा एकसुरी आवाज येतो, आणि कानांनी अजून दगा दिला नव्हता. आठांपैकी सात जोड वाकले, तुटले नाहीत. जयेशचा तर पार दुमडला. आठव्याला सरांनी पुन्हा करायला लावलं.

मग ते साहेबांच्या खोलीत गेले आणि डोळ्यांचं सगळं सांगून आले. पाच मिनिटांचं काम होतं. सोमवारपासून स्टोअर.

परत आल्यावर त्यांनी तुटलेले दोन तुकडे तारेने बांधले आणि त्याच खिळ्यावर टांगले. सालाखाली लिहायला ब्रश जयेशच्या हाती दिला, कारण आपली अक्षरं ओळीत येतील याचा त्यांना भरवसा नव्हता.

"लिख, पी. ढवळे."

जयेशने लिहिलं.

"आगे लिख, शून्य."

जयेशचा हात थांबला. "रहने दो ना, सर."

"लिख," सर म्हणाले. "ग्राइंडर मारा था."