भुंगेऱ्याच्या पाठीवरचा मी

रेणापूरजवळच्या सोयाबीनमध्ये चिखलात पोटावर पडून, उजेड मऊ पडावा म्हणून पांढरी छत्री धरून मी एका भुंगेऱ्याचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत त्याचा एखादाच भाग स्पष्ट यायचा. म्हणून ते सगळे जोडून एक करायला आणि धूळ पुसायला लातूरच्या दोस्ताकडे दिले. तो लग्नाचे अल्बम करतो. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही.

नांदेडच्या प्रदर्शनात माझा भुंगेरा भिंतीवर दिसला. खाली नाव दोस्ताचं. तिथंच उभ्या दोस्तावर मी भडकलो, तर तो हसत म्हणाला, "लई साफ केलाय, बघ की!"

मी जवळ गेलो. मूळ फोटोत भुंगेऱ्याच्या आरशासारख्या चकचकीत पाठीवर छत्रीखालचा मी इवलासा दिसत होतो. हरामखोरानं धुळीबरोबर मलाही पुसलं होतं.