गाय डुरकू लागली तेव्हा

हंबरणं आणि डुरकणं यातला फरक ज्यानं गुरं राखलीत त्यालाच कळेल. हंबरण्यात वासराची ओढ असते, वैरणीची भूक असते. त्या सकाळी आमच्या चंद्रीच्या गळ्यातनं आलेला आवाज तसा नव्हता. छातीच्या तळातनं, घोगरा, एका वळूनं दुसऱ्याला अंगावर बोलवावं तसा. दोन वेतं झालेली, हात चाटणारी गरीब गाय ती. पुढच्या खुरानं माती उकरत होती आणि माझ्याकडं बघत होती. जन्मात कुणाला न भ्यालेला मी गोठ्याच्या दारात थबकलो.

तसं लक्षण आधीपासनंच बिघडलं होतं. दर आठ-दहा दिवसांनी माजावर यायची, भरवून आणली तरी गाभण राहायची नाही. मग माज उतरायचाच बंद झाला. शेपटीचं बुड वर आलं, मान जाड दिसायला लागली, शेजारी बांधलेल्या म्हशीवर चढायला बघायची. आमचं गाव सीमेवर, पण कर्नाटकात; जनावरांच्या सरकारी डॉक्टरकडं न्यायचं तर तिथं कानडीत बोलावं लागतं. कानडी मला बाजारापुरती कळते, पण माझ्या तोंडातनं ती येणार नाही हा माझा हट्ट. म्हणून नेली नाही.

घरात सून शोभा, दिवस भरत आलेली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. लेक कोल्हापूरला कारखान्यात, रविवारी यायचा. म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि मधल्या भिंतीपलीकडं ती गाय. अशात शेजारची पारूआक्का दारात येऊन बसली.

"अण्णा, ह्ये बरं न्हवं. गाय बैल झाली की घरची गरवार बाई सुखानं सुटत न्हाय. माझ्या म्हायेरात बघितलंय मी."

"गप गं आक्का. तुझ्या म्हायेरात कोंबडा अंडी घालत हुता म्हणून बी सांगशील."

"कर थट्टा. बाळंतीण व्हायचं तुला न्हाय."

आत भांडं पडलं. शोभानं ऐकलं होतं. त्या दिवसापासनं ती परसात जायचं तर गोठा टाळून, पोट धरून, घराला पूर्ण वळसा घालून जाऊ लागली. चंद्री डुरकली की पोरीचा हात जिथल्या तिथं थांबायचा. तिच्या तोंडाकडं बघवायचं नाही. मी थट्टा केली खरी, पण रात्री उठून उठून गोठ्याकडं कान देऊ लागलो.

शेवटी माळावरच्या लक्ष्मीआईकडं गेलो. आमच्यात देवीला कौल लावतात. गुरव तिच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी विचारलं, "आई, गाय दावणीला ठिवू का?" डावी पडली. मी हटवादी माणूस, परत विचारलं. परत डावी. हायवेच्या पलीकडं एका मठात गुरं सांभाळतात. तिथं देवीच्या नावानं सोडून यायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चंद्रीला घेऊन निघालो. शोभा दारात उभी होती. "अण्णा, जपून," एवढंच म्हणाली.

कोगनोळीच्या नाक्याअलीकडं ट्रक एकामागं एक धडाडत होते. मी दावं हाताला दोन वेढे देऊन धरलं होतं, माझी जुनी खोड. एका ट्रकनं भोंगा दिला आणि चंद्री उधळली. मी तोंडावर पडलो आणि फरफटत निघालो. दावं मनगटात रुतलं, खडी गालाला लागत होती, आणि गाय सरळ रस्त्याकडं ओढत होती. एवढ्यात मागनं एका बाईचा आवाज आला, "अज्जा, हग्ग बिडरी! हग्ग बिडरी!"

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण मरणाच्या दारात मला त्यात 'हगणं' आणि 'बिडी' एवढंच ऐकू आलं. म्हातारा बिडी ओढून पडलाय, घाण केली, असं काहीतरी ही बाई म्हणते, असं वाटून माझं डोकं फिरलं. पडल्या पडल्या ओरडलो, "कोण गं तू मला हागरा म्हणणारी?" आणि मूठ आणखी आवळली. ती धावत आली, माझ्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि दाव्याला हिसका देत परत तेच म्हणाली. तेव्हा कळलं. अज्जा म्हणजे आजोबा, हग्ग म्हणजे दावं. बिडरी म्हणजे सोडा. दावं सोडा म्हणत होती ती.

सोडायचं म्हणजे गाय ट्रकखाली जाणार, असंच मला दिसत होतं. "आई, आता तूच बघ," असं मनात म्हणालो आणि मूठ उघडली. वेढे सरसर सुटले. ओढणारं कुणी राहिलं नाही तशी चंद्री चार ढांगा जाऊन वळली आणि रस्त्याकडंच्या उसाच्या बांधावर थरथरत उभी राहिली. मी तिथंच खडीवर बसून रडलो.

बाई जनावरांची डॉक्टर निघाली, स्कूटीवरनं कुठंतरी निघालेली. चहाच्या टपरीवरच्या माणसांनी चंद्रीला बाभळीला आवळून धरली. डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत मोजा चढवून हात आत घातला, डोळे मिटून चाचपलं आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "अज्जा, गाय हुच्च, वेडी नाही. आजारी आहे. आत तत्ती पिकते, पाण्याच्या फोडात."

तत्ती म्हणजे अंडं, हे बाजारात ऐकलेलं. "गाईला अंडं?" मी म्हणालो.

"सगळ्या आयांना असतं, अज्जा. तुमच्या आईला पण होतं." टपरीवाले हसले. "पिकलं की फोड फुटतो, तत्ती सुटते. हिचा फुटत नाही. धरूनच बसलाय, मोठा होतोय. म्हणून माज उतरत नाही." मग चंद्रीच्या डाव्या कुशीवर थाप मारून म्हणाल्या, "एडगडे. डावीकडं."

मला कौलाची डावी कळी आठवली. देवी नको म्हणत होती की जागा दाखवत होती, मला ठाऊक नाही. नंतर गुरवाला विचारलं, तर तो म्हणाला, "डावा त्यो डावाच." मी वाद घातला नाही.

त्यांनी सुई टोचली, पुढची कधी टोचायची ते सांगितलं. सगळ्याच गाई बऱ्या होतात असं नाही, हेही सांगितलं. जाताना मी त्यांना कानडीत "भाळ उपकार आत्री" म्हणालो. लई उपकार झाले, असं. जीभ अडखळली, पण मोडली नाही.

मठाकडं न जाता चंद्रीला परत घरी आणली, पण ती लगेच शांत झाली नाही. शोभाच्या कळा सुरू झाल्या त्या दुपारीही ती एकदा डुरकली, आणि गाडीत बसताना पोरीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. निपाणीच्या दवाखान्यात त्या बंद दारासमोर बसलो तेव्हा हायवेवर नव्हती तेवढी भीती वाटली. नवस बोललो नाही, कौल लावला नाही. लक्ष्मीआईला एवढंच म्हणालो, "माझ्याच्यानं काय व्हायचं न्हाय." संध्याकाळी नात झाली. माय-लेक सुखरूप.

त्या डॉक्टरीणबाई पुढं भेटल्या नाहीत. दुसरी सुई मी स्वतः सरकारी दवाखान्यात जाऊन, कानडीत विचारून टोचून आणली. रोज दिवा लावताना आईबरोबर त्या बाईंनाही हात जोडतो. कुणाला कुणी धाडलं ते माझ्यासारख्यानं कशाला ठरवावं?

शोभा बाळाला घेऊन माहेराहून आली तोवर चंद्री निवली होती. वाटलं, पोरगी वळसा घालूनच आत जाईल. पण ती गोठ्याच्या दारात थांबली, मग आत गेली आणि दुपटं जरा बाजूला केलं. चंद्रीनं मान लांब करून बाळाची टाळू हुंगली. मी एक पाऊल पुढं झालो. पण मी दाव्याला हात लावला नाही.