घासलेला नंबर

हवालदार बंदुकीकडे आधी बघायचेच नाहीत. पायजम्याला तळवा पुसायचे आणि तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो बंदुकीच्या पाठीवर ठेवायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "गडबड न्हाय करायची, बाई. ती सांगंल की."

मी शेजारी वही घेऊन उभी. वय सव्वीस, इतिहासात एम. ए., वेणीत अबोलीचा गजरा आणि जगातलं सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं अशी पक्की समजूत. अशी एखादी पोरगी तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर सुखी आहात.

आमच्या शेठजींचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना होता, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आणि त्यांना नाद होता जुन्या जर्मन मशीनगनचा. पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे शिपाई समुद्रापलीकडे लढले. तिथे जिंकलेल्या काही बंदुका बक्षीस म्हणून इकडे आल्या आणि कुठे शाळेत, कुठे एखाद्या मोठ्या घरात पडून राहिल्या. नळ्या शिसं ओतून बुजवलेल्या, म्हणजे मेलेल्याच. शेठजी त्या रीतसर कागद करून मिळवायचे आणि कारखान्याच्या आवारातल्या एका लांबट खोलीत मांडायचे. ते त्या खोलीला संग्रहालय म्हणत. कामगार म्हणत तोफखाना. मी तिथे नोंदी लिहायला होते.

हवालदार त्याच कारखान्यात जॉबर. माग अडला की तो सुरू करून देणं त्यांचं काम. पण त्याआधी वीस वर्षं ते पलटणीत आर्मरर होते. बंदुका खोलायच्या, दुरुस्त करायच्या, जोडायच्या. म्हणून नवी बंदूक आली की शेठजी त्यांना मागावरून बोलावून घेत. काळ्या बोटांना सुताचा भुसा चिकटलेला, तसेच ते यायचे.

जर्मनांची एक खोड. बंदुकीच्या प्रत्येक सुट्या भागावर ते तोच नंबर ठोकायचे. सगळे नंबर जुळले तर बंदूक अस्सल, नाही तर दहा ठिकाणचं गोळा करून बांधलेलं गाठोडं. हवालदार म्हणायचे, "नंबर जुळलं म्हंजे एका आईची लेकरं."

एकदा मोडनिंबला गेलो. एका घरी गोठ्यात, पोत्यांखाली एक बंदूक होती आणि तिच्यावर कोंबडी अंड्यावर बसलेली. घरच्या म्हातारीने आधी कोंबडी हलवायला नकार दिला. "उबवू द्या की तिला. बंदूक कुटं पळून जातीया?" तिच्याकडे सरकारी कागद होता, पत्र्याच्या डब्यात, नातवाच्या पत्रिकेखाली. तिच्या आजेसासऱ्याने जर्मन सायबाकडून ही बंदूक हिसकावून आणली, असं ती सांगत होती. हवालदारांनी तळवा ठेवला, मग एकेक भाग बोटाने चाचपत गेले. बाहेर येऊन शेठजींच्या कानाला लागले, "नळी एकीची, झाकण दुसरीचं, पाय तिसरीचं. हिला तीन आया हायत."

शेठजींचं तोंड उतरलं. मी मात्र वहीत ऐटीत लिहिलं, 'बनावट'. हवालदारांनी ते वाचलं आणि परत गोठ्यात गेले. म्हातारीला म्हणाले, "आजी, माल जर्मनचाच हाय. अन् हिच्यासमोर जो हुबा राहिला, त्यो मानूस खोटा न्हाय." म्हातारीने त्यांच्या हातात चार अंडी ठेवली. मला एकही नाही. तिला माणसं कळत होती.

पुढे वर्षभरात त्यांनी मला बंदूक खोलायला शिकवलं. तिच्या पोटात तळहाताएवढा एक ठोकळा असतो, त्याला लॉक म्हणतात. गोळी नळीत सारायची आणि रिकामं काडतूस ओढून काढायचं, हे त्याचं काम. पहिल्यांदा मी तो न अडखळता बाहेर काढला तेव्हा हवालदार म्हणाले, "तुमच्या हाताला डोळं हायत, बाई." असं कौतुक मला विद्यापीठात कुणी केलं नव्हतं. मी चढले. इतकी चढले की खाली यायला मला चाळीस वर्षं लागली.

झालं असं, की शेठजींना नवे माग विकायला जर्मन इंजिनियर येणार होते. शेठजींना त्यांना आपली सगळ्यात चांगली, सगळे नंबर जुळणारी बंदूक दाखवायची होती. मी ती बघितली. काळपट, डागाळलेली. आमच्या घरी पाहुणे यायचे म्हटलं की ताम्हण-समई चिंचेने घासून लखलखीत करायची पद्धत. काळं म्हणजे मळ, एवढंच आमचं शास्त्र. लोखंडाचा तो काळा रंग बंदूक घडवतानाच चढवलेला असतो, तो सत्तर वर्षांचा पुरावा असतो, हे हवालदारांनी दहा वेळा सांगितलं होतं. पण हाताला डोळे फुटले की कान बंद होत असावेत.

बाहेरून मी चिंचेने घासली. लॉक काही उजळेना. मग तो काढून डब्याच्या पिशवीत घातला, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या शेजारी, आणि सिटी बसने भवानी पेठेत गेले. तिथे एक जण मशीनवर भांड्यांना पॉलिश करून द्यायचा.

"कशाचा पार्ट म्हणायचा, ताई?"

"शिलाई मशीनचा."

"लई दणकट दिसतंय. कुठलं मशीन?"

"जर्मन," मी म्हणाले. त्या दिवशी मी खरं बोलले ते एवढंच.

त्याने लॉक आरशासारखा करून दिला. मी त्यात गजरा नीट केला. शपथेवर सांगते, केला. नंबर कुठे गेला हे बघायचं मात्र सुचलं नाही.

जर्मन पाहुण्यांनी बंदुकीकडे ओझरतं बघितलं आणि टॉवेलांचे फोटो काढत बसले.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. झाकण उघडून आत बघितलं. नंबराच्या जागी अंगठा फिरवला. मग हळूच विचारलं, "बाई, कुटं नेलतं?"

"कुठं म्हणजे? इथंच होती."

"लॉक इचारतोय मी."

"मला काय माहीत," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. एवढंच. मला वाटलं, पटलं त्यांना.

पंधरा दिवसांनी पोलिसांची वार्षिक तपासणी होती. साहेब यादी घेऊन आले, एकेक नंबर ताडून बघू लागले आणि लॉकपाशी थांबले. घासलेला नंबर म्हणजे चोरीचा माल, हा त्यांच्या खात्यातला पहिला धडा. त्यांचा हिशोब सरळ होता: अस्सल लॉक कुणीतरी विकला आणि भलताच आणून बसवला. खोलीच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक हवालदारांकडे.

"बाई असलं करणार नाहीत," शेठजी आपणहून म्हणाले. माझे वडील त्यांच्या मुलांचे मास्तर होते. हवालदार विहारामागच्या वस्तीत राहायचे. बोट कुणाकडे वळायचं हे त्या खोलीत आधीच ठरलेलं होतं, आणि ते मला कळत होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी वहीत बघत राहिले. पान कोरं होतं.

हवालदार पुढे झाले. "लॉक त्योच हाय, साहेब. बसवून बघा, दुसरा असा बसनार न्हाय. नंबर माज्या हातनं घासला गेला. गंज काडत हुतो."

साहेबांनी लॉक बसवून, काढून, परत बसवून बघितला. चोरी नाही, निष्काळजीपणा, असं लिहिलं आणि हवालदारांची सही घेतली. शेठजी एवढंच म्हणाले, "आर्मररच्या हातून नंबर जातो?" ते वाक्य मारापेक्षा वाईट होतं. आठवड्याभरात हवालदारांना कामावरूनही काढलं.

ते सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधत होते तेव्हा मी फाटकापाशी गेले. "हवालदार, मी..."

"तुमचं लगीन ठरलंय न्हवं?" दोरीची गाठ मारता मारता ते म्हणाले. "पोलिसाच्या कागदावर पोरीचं नाव बरं न्हाय. जावा."

आणि मी गेले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी घरी जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. सुटल्याची भूक फार लागते.

नंतर हवालदार शहरातल्या लहानसहान कारखान्यांत मागच दुरुस्त करत राहिले. बंदूक पारखायला त्यांना परत कुणी बोलावलं नाही. सायकलवरून येताना दिसले की मी रस्ता ओलांडायची. आणि मी? मी त्या तोफखान्याची प्रमुख झाले. लांबलांबचे संग्राहक मला जर्मन बंदुकांतली जाणकार म्हणू लागले. मी डोळे मिटून तळवा ठेवायची आणि लोक अदबीने गप्प व्हायचे.

गेल्या वर्षी पुण्याचा एक संग्राहक माझं बोलणं मोबाइलवर टिपून घेत होता. मी म्हटलं, "नंबर जुळले म्हणजे एका आईची लेकरं." तो खूश झाला. म्हणाला, "आजी, हे तुमचं वाक्य?"

मी म्हटलं, "हो."

तो गेल्यावर मला माझीच किळस आली. त्यांचं नाव घालवलं होतंच, आता बोलणंही चोरलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी विहारामागे गेले.

उशीर झाला होता. हवालदारांना जाऊन आठ महिने झाले होते. दार त्यांच्या मुलीने उघडलं. शाळेत शिकवते ती. मी कारखान्याचं नाव सांगितल्यावर हसली. "तो घासलेला नंबर ना? बाबा शेवटपर्यंत सांगायचे, माझ्याच हातून गेला म्हणून. आम्ही भावंडं चिडवायचो त्यांना. पाहुण्यांसमोरसुद्धा. आई तर म्हणायची, ह्या माणसाच्या धांदरटपणाने मला म्हातारपणापर्यंत मागावर उभं केलं."

घरातसुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी उंबऱ्यातच उभी राहून तिला सगळं सांगितलं. डब्याची पिशवी, भवानी पेठ, 'मला काय माहीत'. ती हसायची थांबली. रागावली नाही, रडलीही नाही. मला आत या म्हणाली नाही. मागे वळून तिने हाक मारली, "आई, बाहेर ये. या बाई काय सांगतायत ते ऐक."

पदराला हात पुसत हवालदारांची बायको आली. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि कानाला हात लावला.

"मागावर कान गेल्यात माजं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

गल्लीत नळाला पाणी आलं होतं. बायका घागरी लावून उभ्या होत्या, समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे बसले होते. ते सगळे हवालदारांना ओळखत असणार, आणि नंबर कुणी घासला हेही त्यांना पाठ असणार.

मी मोठ्याने सांगितलं.