हाऊजी आणि बाहेरची विडी

चिमूरकडच्या आमच्या गावात अभ्यासिकेवर पत्रे टाकायचे होते. त्याचे पैसे जमवायला दर रविवारी दुपारून समाजमंदिरात हाऊजी खेळवायचो. मी शाळेत शिकवते, म्हणून आकडे पुकारायचं काम माझ्याकडे. सगळ्यात जास्त तिकिटं घ्यायचे ते विडी ओढणारे म्हातारे, त्यांत माझे बाबा पहिले. पण धुरानं बायका खोकायच्या, लेकरांचे डोळे चुरचुरायचे. शेवटी मीच हट्टानं आत विडी बंद करायला लावली.

"मंग आमी कुठी ओढाची?" बाबांनी विचारलं.

"बाहेर," मी म्हटलं.

बाहेर म्हणजे मागची पडीक जागा, आणि तिला लागून जंगल.

एका रविवारी ऊन उतरत होतं. मी पुढचा आकडा काढणार, तोच मागं वानरं घाबरून ओरडायला लागली. पाठोपाठ म्हातारे धापा टाकत आत शिरले. एकानं दाराला कडी घातली.

"वाघ हाये! मोहाच्या झाडाखाली!"

त्यांच्यात बाबा नव्हते.

"बाबा कुठी हायेत?"

मी दाराकडे धावले, तर दोघींनी मला धरलं. "नोका उघडू बाई, लेकरं हायेत आत."

त्यांचं खरं होतं. मी माइक तोंडाशी धरला आणि "बाबा! बाबा!" ओरडत राहिले. बायकांनी थाळ्या बडवल्या. बाहेरून उत्तर नाही. मीच त्यांना बाहेर पाठवलं होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वनविभागाची गाडी आली तेव्हा दार उघडलं. बाबा मागच्या संडासात सापडले. आतून दार दोन्ही हातांनी ओढून धरलेलं. त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"तुहा आवाज येत होता पोरी," ते म्हणाले. "पण मले तोंडच उघडता येईना. तो दारापाशीच हुंगत होता."

पुढच्या रविवारी म्हातारे आले नाहीत. "आत ओढू द्या, नाईतर आमी नाई येत," असा निरोप मात्र आला. मी नाही म्हटलं. खेळ सकाळी ठेवून पाहिला, तरी माणसं जमेनात. दोन महिन्यांत हाऊजी बंद पडली. अभ्यासिकेचे पत्रे अर्धेच राहिले.

बाबा आता घरच्या अंगणात विडी पेटवतात. मी ओट्यावर येऊन बसते आणि ती विझेपर्यंत उठत नाही.