लॅमिनेट केलेला परवाना

गेल्या आठवड्यात राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या जर्मन नगरपालिकेत, मला मासेमारीचा परवाना बदलून मिळाला. जुना जाड कागदाचा, घडी घालायचा, फोटो चिकटवलेला. नवा बँकेच्या कार्डासारखा. खिडकीमागची बाई कौतुकाने म्हणाली, आता पाण्यात पडला तरी काही होत नाही. मी डांके म्हणालो आणि बाहेर बाकावर येऊन बसलो. अंगाची नुसती आग झाली होती.

कारण हे डोकं माझ्या बाबांनी चार वर्षांपूर्वीच चालवलं होतं.

बाबा तेव्हा तीन महिन्यांसाठी कार्ल्सरूहेला आमच्याकडे आले होते. जन्म सगळा खाडीकाठी गेलेला. इथे परीक्षा दिल्याशिवाय गळ टाकता येत नाही हे ऐकून ते पोट धरून हसले. माशांची पण परीक्षा घेतात का रे, म्हणाले. पण मी पास झालोय याचा त्यांना केवढा अभिमान! दर शनिवारी माझ्याबरोबर ऱ्हाइनवर यायचे. स्वतः गळ धरायची परवानगी नाही, म्हणून शेजारी बसून मला सूचना द्यायचे.

आणि त्यांना लॅमिनेशनचं वेड. रेशनकार्ड, माझी दहावीची मार्कशीट, आईच्या चष्म्याचा नंबर, आमच्या घरी सगळं प्लास्टिकमध्ये. एका शनिवारी माझा परवाना भिजला, कडेने फुगला. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेलं लॅमिनेशनचं मशीन घरात होतंच. मी ऑफिसात असताना बाबांनी परवाना वाळवला, कडा जुळवून प्लास्टिकमध्ये घातला आणि गुपचूप माझ्या पिशवीत ठेवून दिला. मला चकित करायचं होतं त्यांना.

पुढच्या शनिवारी नेमका नदीवर तपासणीस आला. परवाना दोनदा उलटापालटा करून शांतपणे म्हणाला, उनग्युल्टिश. अवैध. प्लास्टिकखालचा फोटो, शिक्का खरा की खोटा ते तपासता येत नाही, तेव्हा गळ गुंडाळा. झालं. इतकी वर्षं व्हिसाच्या कागदांनी मला पुरता भित्रा करून ठेवलंय. माझं टाळकं सरकलं, आणि त्या परक्या माणसासमोर मी बाबांवर ओरडलो.

"बाबा, विचारून करायचं ना! न विचारता माझ्या वस्तूंना हात का लावता?"

बाबा गळ गुंडाळायला मदत करायला पुढे झाले आणि मध्येच त्यांनी हात मागे घेतला.

दुसरा परवाना एक फॉर्म भरून दोन आठवड्यांत मिळाला. बाबा मात्र परत नदीवर आले नाहीत. उरलेले सहा आठवडे ते माझ्याच घरात विचारत राहिले. फ्रीज उघडू का? खिडकी लावू का? मी म्हणायचो, अहो बाबा, विचारताय काय. पण माफी मागायला मेली जीभ रेटली नाही. उद्या मागू, उद्या मागू करत त्यांना फ्रँकफुर्टला विमानात बसवून आलो. तेव्हापासून दरवर्षी या म्हणतो, ते बघू म्हणतात.

बाकावरूनच त्यांना फोन लावला. माफीच मागायची होती. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, बाबा, इथे आता परवाना प्लास्टिकचा झाला, तुम्ही केला होतात तसा.



"बरं झालं," ते म्हणाले. "तुला विचारून केलं ना पण त्यांनी?"

मी हो म्हणालो.